साल विचारणारा उंबरठा

मर्ल स्टकरच्या घरात एकतीस रिव्हॉल्वर होती आणि हत्यार एकही नव्हतं. हे कोडं नाही, कायदा आहे. अठराशे अठ्ठ्याण्णव साल संपायच्या आत घडवलेलं रिव्हॉल्वर ही जुनी वस्तू, त्यानंतरचं ते हत्यार, असं अमेरिकेचा कायदा म्हणतो. म्हणजे एकतीस डिसेंबरला घडवलं ते आजोबांच्या चष्म्यासारखं निरुपद्रवी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घडवलं ते जीवघेणं. मर्ल दर रविवारी चर्चला जायचा, पण त्याला खरं तोंडपाठ होतं ते हे एवढंच वचन.

तसा माणूस साधा आणि सरळ. कॅन्सासमधल्या ब्लूस्टेम गावी धान्याच्या कोठारावर त्याने चौतीस वर्षं गव्हाचे ट्रक तोलले. कुणाला पौंडभर जास्त नाही, कुणाला पौंडभर कमी नाही. काट्यावर बसल्यावर 'साधारण' हा शब्द तो तोंडातून काढत नसे. शेतकरी म्हणायचे, मर्लसमोर उभं राहायचं तर खिशातला रुमालसुद्धा गाडीत ठेवून यावं, नाहीतर तोही वजनात धरील.

बायको अदीना, माहेरची श्राग. मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाची. त्यांच्यात हत्यार धरत नाहीत. तिचे पणजोबा रशियातून गव्हाचं बी आणि पोरंबाळं घेऊन समुद्र ओलांडून आले ते एवढ्याचसाठी, की तिथला राजा म्हणाला होता, बंदूक घ्या. लग्नाच्या आदल्या आठवड्यात पीठ मळता मळता अदीनाने मर्लला विचारलं, "घरात हत्यार येणार नाही ना?"

"नाही येणार," मर्ल म्हणाला.

शपथ वगैरे काही नाही. त्या लोकांत शपथ घेतच नाहीत. हो म्हणजे हो, नाही म्हणजे नाही. शपथेचं बरं असतं, मोडली तर प्रायश्चित्त घेता येतं. नुसत्या 'नाही'ला पळवाट नसते.

लग्नाला चार वर्षं झाली आणि कोठीच्या खोलीच्या दाराची मूठ तुटली. अदीनाने मर्लला एका शेतावरच्या लिलावात पाठवलं, जुनी मूठ मिळाली तर बघ म्हणून. तो मुठींचं अख्खं खोकं घेऊन आला. खोक्याच्या तळाशी, पितळी मुठींच्या खाली, एक गंजलेलं छोटं रिव्हॉल्वर निघालं. मधून दुमडून उघडणारं, पाच गोळ्यांचं, दुकानदार गल्ल्याच्या खणात ठेवायचे तसलं. त्या नादात मुठींचं खोकं कुठेतरी पडलं आणि मूठ बसवायची राहिली ती राहिलीच. पुढे कोठीचं दार सुतळी ओढून उघडू लागलं.

ट्रॅक्टर दुरुस्त करणारा ड्वेन फिक जुन्या बंदुकांच्या बाजारात टेबल मांडून बसायचा. त्याने रिव्हॉल्वरच्या मुठीची पट्टी खोलली, आतला आकडा वाचला, पुस्तकातला तक्ता काढला आणि म्हणाला, "अठराशे ब्याण्णव. अरे, हे हत्यारच नाही!" मर्लचा जीव भांड्यात पडला. तो तसाच घरी येऊन मागच्या दारात उभा राहिला आणि अदीनाला त्याने कायदा समजावून सांगितला.

अदीनाने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "साप म्हातारा झाला म्हणजे त्याचं गांडूळ होतं का?"

"पण कायदा..."

"कायद्याला कुठे साप चावतो?" तिने पीठ लागलेले हात कमरेवर ठेवले. मग म्हणाली, "ठीक आहे. पण नव्व्याण्णवचा एक दिवसही या उंबऱ्याच्या आत नको. आणि प्रत्येक वेळी मी विचारणार."

तेव्हापासून तो रिवाजच पडला. मर्ल बाजारातून नवं, म्हणजे जुनं, रिव्हॉल्वर आणायचा आणि पिशवी छातीशी धरून मागच्या पडवीत उभा राहायचा. आतून आवाज यायचा, "साल?"

"अठराशे सत्त्याऐंशी."

"ये."

ऊन असो, बर्फ असो, चार शब्दांशिवाय आत येणं नाही. एकदा गावचा पाद्री कॉफीला आला होता. त्याच्यासमोर हा प्रकार झाला, तर पाद्रीबुवा म्हणाले, "अदीना, स्वर्गाच्या दारातसुद्धा इतकी चौकशी नसेल." अदीना म्हणाली, "तिथे पायपुसणं मला धुवावं लागत नाही."

मर्लने त्यातलं एकही रिव्हॉल्वर कधी उडवलं नाही. चार जुलैच्या फटाक्यांना तो कानात कापूस घालून बसायचा. एकदा पडवीखाली स्कंक शिरला. हा घाण वासाचा प्राणी, जवळ जायची सोय नाही. तेव्हा एवढ्या रिव्हॉल्वरांचा धनी खिडकीच्या पडद्याआडून बघत बसला आणि अदीनाने पडवीत रेडिओ ठेवून मोठ्या आवाजात भजनं लावली. तिसऱ्या भजनाला स्कंक निघून गेला.

मर्लचा सगळ्यात जास्त जीव होता तो एकावर. विचिटाच्या बाजारात मिळालेलं, निकेलची चकाकी जशीच्या तशी, आणि मुठीच्या पाठीवर कोरलेली दोन अक्षरं: एम. एस. शंभर वर्षांपूर्वीचा कोण तो एम. एस., देव जाणे. पण मर्ल स्टकरला वाटलं, हे माझ्याचसाठी वाट बघत होतं. पुस्तकातल्या तक्त्यात त्या आकड्यासमोर छापलं होतं, 'साधारण १८९८'.

पडवीत उभं राहून त्याने सांगितलं, "अठराशे अठ्ठ्याण्णव."

'साधारण' त्याने गिळला. चौतीस वर्षं काट्यावर जो शब्द वापरला नाही, तो नेमका जिथे वापरायला हवा होता तिथेही वापरला नाही. अदीना त्या दिवशी जरा जास्त वेळ त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ये."

त्याला एकोणीस वर्षं झाली.

मग गावच्या संग्रहालयाने ठरवलं, जुन्या वसाहतकऱ्यांच्या जत्रेला मर्लची रिव्हॉल्वर काचेत मांडायची. संग्रहालय सांभाळणाऱ्या विल्डाबाई यान्झेन कडक शिस्तीच्या. त्या म्हणाल्या, "मधोमध ते एम. एस. ठेवू. पण मर्ल, नुसतं तोंडी नको. कारखान्याचा कागद आण."

कारखान्याच्या जुन्या वह्या बघून, कोणतं रिव्हॉल्वर कुठल्या दिवशी कुणाकडे रवाना झालं ते कळवणारा एक माणूस असतो. मर्लने त्याला पत्र घातलं. सात आठवड्यांनी जाडजूड लिफाफा आला. अदीनानेच तो टपालपेटीतून काढून टेबलावर ठेवला आणि ती बागेत बीटं उपटायला गेली.

मर्लने वाचलं. रिव्हॉल्वर कॅन्सास सिटीच्या एका लोखंडसामानाच्या दुकानदाराकडे रवाना. तारीख, चौदा एप्रिल अठराशे नव्व्याण्णव.

पत्र खिशात घालून तो तडक ड्वेनकडे गेला. ड्वेन ट्रॅक्टरखालूनच हसला. "अरे वेड्या, निघालं नव्व्याण्णवला, पण सांगाडा अठ्ठ्याण्णवलाच ओतलेला असेल. कायदा सांगाड्याचं वय बघतो."

"असेल, की आहे?"

"साधारण आहे."

मर्लने खिशातलं पत्र चाचपलं.

"बरं, फाडून टाक पत्र. अदीना काय कारखान्याला फोन करणारेय?"

हे खरं होतं. अदीनाने त्याबद्दल एकोणीस वर्षांत परत विचारलं नव्हतं आणि विचारणारही नव्हती. तेच तर अवघड होतं. जी बाई परत वजन करून घेत नाही, तिला कमी कसं तोलायचं?

घरी आल्यावर त्याने ते रिव्हॉल्वर मखमलीच्या पेटीतून काढलं आणि गॅरेजमध्ये नेऊन ठेवलं. गॅरेज म्हणजे काही घर नव्हे. मग त्याच्या लक्षात आलं, गॅरेजची भिंत घराला लागून आहे, छप्परही एकच. तिथून ते पिकअप गाडीत गेलं. पण रविवारी गाडी चर्चला न्यायची होती, आणि शांततेचं प्रवचन ऐकायला निघालेल्या बायकोच्या पायाशी हत्यार, हे काही त्याला पटेना. शेवटी ते कोंबड्यांच्या रिकाम्या खुराड्यात, जुन्या बनियनमध्ये गुंडाळून, अंडी घालायच्या खोक्यात जाऊन बसलं. आयुष्यभर निकेलवर बोटाचा ठसा उमटू न देणारा माणूस दिवसातून चारदा खुराड्यात वाकून बघू लागला.

तिसऱ्या दिवशी अदीना म्हणाली, "मर्ल, आपल्याकडे कोंबड्या नाहीत."

"माहीत आहे."

"मग तू रोज कुणाची विचारपूस करायला जातोस?"

मर्ल खुराड्याकडे गेला. बनियन उलगडलं, रिव्हॉल्वर हातात घेतलं आणि मागच्या पडवीत येऊन उभा राहिला. अदीना आत पनीरच्या करंज्या उकडत होती. मान न वळवता तिने विचारलं, "साल?"

"नव्व्याण्णव," तो म्हणाला. "एप्रिल. आणि अदीना, तेव्हाही मला पक्कं माहीत नव्हतं. पुस्तकात 'साधारण' होतं. मी तो शब्द सांगितला नाही."

अदीनाने झारा खाली ठेवला. "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"तू काहीतरी गिळलंस ते. काय ते नव्हतं माहीत. एकोणीस वर्षं वाट बघतेय, कधी बाहेर काढतोस."

"मग मला आत का येऊ दिलंस?"

"मर्ल, मला ती एकतीसच्या एकतीस हत्यारंच वाटतात. पहिल्या दिवसापासून. साल विचारायचे ते कायद्यासाठी नव्हे. दर वेळी तुला दारात घटकाभर उभं करायचं होतं. हातात काय आहे ते तुझं तुला दिसावं म्हणून."

मर्लने हातातल्या वस्तूकडे बघितलं. दोन कोरलेली अक्षरं होती, त्याची असून त्याची नसलेली.

"मग हे?"

"हे बाहेर," अदीना म्हणाली. "आणि ते हातात आहे तोवर तूही."

त्या दिवशी तो पडवीच्या पायरीवर जेवला. अदीनाने ताट बाहेर आणून दिलं, करंज्यांवर साय घातलेला रस्सा नेहमीपेक्षा जास्त. रागावलेली बायको कमी वाढते. ही रागावली नव्हती, आणि तेच मर्लला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो विल्डाबाईंकडे गेला आणि एम. एस. संग्रहालयाला कायमचं देऊन टाकलं. काचेतल्या कार्डावर त्याने स्वतःच्या हाताने लिहिलं, 'रवाना १४ एप्रिल १८९९. घडवलं कधी ते माहीत नाही.' विल्डाबाई म्हणाल्या, "मर्ल, 'साधारण' लिहिलं असतंस तर शोभलं असतं." मर्ल म्हणाला, "माझ्या घरी तो शब्द फार महाग पडतो." दर गुरुवारी तो ते बघायला जातो, बाकावर बसतो. वृद्धाश्रमात भावाला भेटायला आल्यासारखा, असं तिथल्या बायका म्हणतात.

उरलेली तीस अजून घरातच आहेत. मनुष्यस्वभाव आहे, एका दिवसात कुणी संत होत नाही. अदीनाही काही बोलत नाही.

मागच्या महिन्यात पुन्हा एका शेतावर लिलाव होता. मर्ल पिशवी छातीशी धरून आला आणि पडवीत थांबला.

"साल?" आतून आवाज आला.

"माहीत नाही."

आत भांडी वाजायची थांबली. "माहीत नाही म्हणजे?"

"दाराची मूठ आहे. कोठीसाठी. काचेची."

अदीना दारापाशी आली. पिशवीत डोकावली, मग त्याच्याकडे बघितलं. एक्केचाळीस वर्षांनी आलेली मूठ. तिने बाजूला होऊन वाट दिली. तरी मर्ल लगेच आत गेला नाही. नेहमीसारखा घटकाभर उंबऱ्याबाहेर उभा राहिला, मगच पाय पुसून आत आला आणि पेचकस शोधू लागला.