सात नंबरची पिशवी

गल्लीत तिला सगळे टापटीप म्हणत. तोंडावर नाही, पण तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. सकाळी बरोब्बर साडेआठला तिचं दार वाजायचं. गळ्यात दवाखान्याच्या ओळखपत्राची निळी पट्टी, आणि शर्टाच्या बाहीला अशी धारदार इस्त्री की काकडी चिरून घ्यावी. अकरा वर्षं ती दातांच्या डॉक्टरांच्या काउंटरवर बसली. आतून किंकाळी आली की बाहेर पांढऱ्याफटक पडलेल्या माणसांकडे गोड हसून “पुढचे कोण?” विचारायचं, हे तिचं काम.

तर हा दवाखाना बंद होऊन चार महिने झाले होते. डॉक्टर मुलाकडे राहायला गेले आणि त्या जागेत फरश्यांचं दुकान आलं. टापटीपने कुठे चकार शब्द काढला नाही. नवरा बोटीवर, वर्षातले नऊ महिने पाण्यात. घरी काय त्या सासूबाई. दार साडेआठलाच वाजत राहिलं, पट्टी गळ्यात तशीच राहिली, फक्त पाय वाचनालयाकडे वळू लागले. तिथे ती जाहिरातींच्या पानाआड तोंड लपवून डबा खायची.

शनिवारी दुपारी मात्र ती क्लबात हजर. नोकरी-धंदा करणाऱ्या बायकांचा हा क्लब शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत भरायचा. तिथली रीत अशी, की प्रत्येकीने उभं राहून एका मिनिटात सांगायचं: मी काय करते आणि मला काय हवंय. मिनिट संपलं की अध्यक्ष वकीलबाई टेबलावरची घंटी वाजवायच्या. या एका मिनिटातून कुणाला गिऱ्हाईक मिळालं होतं, कुणाला पाळणाघर, कुणाला चक्क नोकरी. आणि टापटीप? चार महिने दर शनिवारी उभी राहून हसत सांगायची, “दातांच्या डॉक्टरांकडे, काउंटरवर. मला काही नको, सगळं छान चाललंय.” पाण्यात उभं राहून तहान लागली नाही म्हणायचं, त्यातली गत.

मग कपाट उघडायचं. ज्या बायकांना मुलाखतीला जायचंय आणि धड कपडे नाहीत, त्यांच्यासाठी क्लब कोट, शर्ट, बूट अशी एकेक पिशवी पाठवी. मापं आणि पत्त्याची चिठ्ठी जिन्याखालच्या पेटीत टाकायची; घेणारीला ओशाळं वाटू नये म्हणून नाव कुणालाच कळत नसे. भरणारीला फक्त नंबर आणि मापं, पोचवणारीला फक्त पत्ता. पिशवी पोचली की चिठ्ठ्या फाडून टाकायच्या.

त्या शनिवारी टापटीपच्या वाट्याला सात नंबर आला. मापं वाचून ती म्हणाली, “अगदी माझीच की!” आणि तिने कपाटातला निळा कोट ओढला. पुढचं एक बटण तुटून खिशात पडलं होतं, अस्तर उसवलं होतं. बुटाची एक टाच झिजून तिरकी झालेली. शेजारी बेकरीवाली बसली होती. अंगापिंडाने भरलेली, तोंडाने त्याहून.

“अगं, बटण तरी लाव. दोन मिनिटांचं काम. सुई देऊ का?”

“राहू दे गं. फुकट मिळतंय, लावून घेईल तिची ती. दिवसभर घरीच तर बसलेली असते. तेवढीच हाताला सवय.”

दोघी-तिघी हसल्या. बेकरीवाली हसली नाही. टापटीपने पट्टी सारखी केली आणि पिशवीला गाठ मारली.

सोमवारी संध्याकाळी घराची घंटी वाजली. टापटीपने दार उघडलं, तर दारात बेकरीवाली. एका हातात पत्त्याची चिठ्ठी, दुसऱ्या हातात सात नंबरची पिशवी.

बेकरीवालीने चिठ्ठीवरचा पत्ता पुन्हा एकदा वाचला.

“चुकून आलीस तू,” टापटीप घाईघाईने म्हणाली. “शेजारी विचार.”

“चुकून कसली?” आतून सासूबाईंचा आवाज आला. “मीच चिठ्ठी टाकली तुमच्या क्लबाच्या पेटीत. कवळी मोडली म्हणून गेले होते दवाखान्यात, तर माणूस मला फरश्या दाखवायला लागला. महिना झाला त्याला!”

“आई, तुम्ही मला बोलला नाहीत?”

“तू बोललीस का मला?”

टापटीपच्या कानांतून वाफा निघाल्या. बेकरीवालीने तिच्या तोंडाकडे बघितलंच नाही. पिशवी उंबऱ्यावर ठेवली आणि हळूच म्हणाली, “बटण खिशात आहे. तुला माहीतच आहे म्हणा.” आणि निघून गेली. एरवी कुणाच्याही घरी गेली की तासभर न हलणारी बाई पाणीसुद्धा न घेता गेली, हे जास्त लागलं.

सुईत दोरा ओवायलाच तिला पाच मिनिटं लागली. बटण लावायला खरोखर दोन मिनिटं लागली.

पुढच्या शनिवारी ती तोच निळा कोट घालून क्लबात गेली. गळ्यात पट्टी नव्हती. तिची पाळी आली.

“मी काही करत नाही. चार महिने घरीच आहे. तेही नाही, वाचनालयात. सात नंबरची पिशवी माझी होती.” मग घसा खाकरून म्हणाली, “आणि भरलीही मीच होती.”

गेल्या शनिवारी हसलेल्या दोघी आपापल्या पर्सा धुंडाळू लागल्या.

“काय हवंय, ते सांग,” वकीलबाई म्हणाल्या. मिनिट केव्हाच उलटलं होतं, पण घंटी त्यांनी वाजवली नाही.

“नोकरी हवीय. पण त्याआधी पत्ते हवेत. मी याआधीही पिशव्या भरल्यात. अकरा-बारा तरी. त्याही अशाच.”

“पत्ते आपण फाडून टाकतो, बाई. लाज वाटू नये म्हणून.”

टापटीप खाली बसली. बेकरीवालीने सुई-दोऱ्याचा डबा तिच्या मांडीवर ठेवला.

दोन महिन्यांनी क्लबातल्या एका नर्सच्या ओळखीने तिला चष्म्याच्या दुकानात काउंटर मिळाला. साडेआठचं दार पुन्हा खरोखरच कामाला वाजू लागलं. शनिवारी कपाटातली एकही पिशवी आता तिच्या हाताखालून गेल्याशिवाय हलत नाही, आणि सासूबाई ते सगळ्या गल्लीला ऐकवतात. टापटीप मात्र त्यावर हसत नाही. रस्त्यात कुणा बाईच्या अंगावर क्लबाच्या कपाटातला वाटावा असा कोट दिसला, की तिची नजर आधी बटणांवर जाते. सगळी जागेवर असली तरी ती त्या बाईच्या तोंडाकडे बघत नाही.