लेझीमवाले मागच्या गेटने

"लेझीमवाले मागच्या गेटने."

गेटवरचा माणूस माझ्याकडे न बघताच बोलला. त्याच्या यादीत आम्ही तसेच होतो. लेझीम, अकरा मुली, एक बाई.

मी म्हटलं, मी शिक्षिका आहे. आत शिक्षकांची परिषद आहे, तिथे आमच्या वर्गाचं सादरीकरण आहे.

त्याने परत यादी बघितली. "लेझीमच लिहिलंय मॅडम."

आम्ही मागच्या गेटने गेलो. लोअर परळमधलं मोठं हॉटेल. मागे भाजीचे क्रेट, मळक्या चादरींच्या गाड्या. मुली नऊवारी सावरत त्यातून चालल्या. 

मी काळाचौकीतल्या एका मराठी शाळेत सातवीला शिकवते. देशोदेशीच्या शिक्षकांचा एक ऑनलाइन ग्रुप आहे, त्यात मला मार्टा भेटली. ती पोलंडच्या एका लहान गावात शिकवते. तिने लिहिलं, आमच्या गावातली कोळशाची खाण बंद झाली. मी लिहिलं, आमच्या गिरण्या. तिचं इंग्रजी मोडकं, माझंही मोडकं. म्हणूनच जमलं असेल. दोन्हीकडच्या मुलांनी आपापल्या आजी-आजोबांना विचारायचं, तुमचं काम कसं होतं, ते बंद झालं तेव्हा घरात काय झालं. दर गुरुवारी दुपारी माझा मोबाईल टेबलावर पुस्तकांना टेकवून उभा करायचा आणि बोलायचं.

एका गुरुवारी तिकडच्या एका मुलाने विचारलं, "तुमचे आजोबा पण खोकायचे का?"

वर्गात एकेक हात वर जायला लागला. तिकडे कोळशाची धूळ, इकडे कापसाची. शेवटी मीही हात वर केला. माझे वडील गिरणीत, कापूस पिंजायच्या कार्डिंग खात्यात होते.

या कामासाठी मार्टाने परिषदेकडे अर्ज पाठवला. निवड झाली. योगायोगाने परिषद मुंबईतच होती, आणि यजमान दक्षिण मुंबईतली एक मोठी खाजगी शाळा. तिथल्या कोऑर्डिनेटर मॅडमचा फोन आला. मूळच्या दादरच्या, छान मराठी. "दोन्ही शाळा मिळून करूया. तुमच्याकडचं सगळं मटेरियल पाठवा हं." मी पाठवलं. फोटो, आवाज, मुलींनी लिहिलेलं. मग परत फोन आला. "स्वागताला तुमच्या मुली लेझीम करतील. पाहुण्यांना आपलं कल्चर दिसायला हवं."

"आणि सादरीकरण?"

"बघू ना."

मी परत विचारलं नाही. ही चूक माझी. ती मी कुणावर ढकलणार नाही.

लेझीम झालं. पाहुणे टाळ्या वाजवत आत गेले. मार्टा पहिल्यांदाच प्रत्यक्ष भेटली. तिने मला मिठी मारली, मुलींचा व्हिडिओ काढला. मग मॅडम मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मुली इथे पॅसेजमध्येच बसू देत. खाऊची पाकिटं येतील. प्रेझेंटेशन आमची मुलं करतायत. अॅक्सेंटचा प्रश्न आहे हो. तुम्ही समजून घ्याल."

मी मान हलवली.

राग आला नाही. दाढ काढायच्या आधी सुई देतात आणि गाल आपला राहत नाही, तसं सगळं अंग झालं होतं.

अकरा जणींतली सायली मला म्हणाली, "बाई, माझं सगळं पाठ आहे. आजोबांचं."

"हो."

"मग?"

मी तिचा फेटा नीट केला. फेटा नीटच होता.

मला एकटीला आत बसवलं. शेवटची रांग. पडद्यावर सायलीच्या आजोबांचा फोटो आला. ब्लेझर घातलेला एक मुलगा सुरेख इंग्रजीत वाचत होता. त्या पोराचा काही दोष नाही. त्याला जे लिहून दिलं, ते तो वाचत होता. त्याने वाचलं, सायलीचे आजोबा धुळीने आजारी पडले आणि वारले.

सायलीचे आजोबा जिवंत आहेत. सकाळी तेच तिला शाळेच्या दारापर्यंत सोडून गेले होते.

सभागृह हळहळलं. मॅडम माईकवर आल्या. या मुलांना आवाज नव्हता, तो आम्ही दिला, असं इंग्रजीत म्हणाल्या. मग मला स्टेजवर बोलावलं. सर्टिफिकेट होतं. त्यावर माझं नुसतं पहिलं नाव, कामाच्या बाईला हाक मारतात तसं. खाली 'कम्युनिटी हेल्पर'.

मी हात पुढे केला नाही. माईक घेतला आणि मराठीत बोलले.

"हे काम माझ्या वर्गाचं आहे. ज्यांचा फोटो दाखवलात ते आजोबा जिवंत आहेत. त्यांची नात बाहेर पॅसेजमध्ये जमिनीवर बसलीय. तिला आत आणा."

मॅडम हसल्या. पाहुण्यांकडे वळून इंग्रजीत सांगितलं, "त्या म्हणतायत, त्या अगदी भारावून गेल्यात. सगळ्यांचे आभार मानतायत."

टाळ्या पडल्या.

माझं इंग्रजी मोडकं आहे. बहिरं नाही.

मी म्हटलं, "नो. आय डिड नॉट से दॅट."

टाळ्या थांबल्या. मग माझ्याच इंग्रजीत सगळं परत सांगितलं. क्रियापदं चुकली. चुकू दिली. तिसऱ्या वाक्याला माईक बंद झाला. मी तसंच मोठ्याने पूर्ण केलं. कुणीतरी म्हणालं, वेळ संपत आलाय, चहा घेऊया. मार्टा खुर्चीतून अर्धवट उठली आणि परत बसली.

मुलींना कुणी आत आणलं नाही.

नंतर मार्टा पॅसेजमध्ये आली. रडत होती. म्हणाली, मला वाटलं मुली आतच आहेत. मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, तू त्यांना शोधलं नाहीस. मला रडू आलं नाही. मी मुलींना गोळा केलं. पुढच्या गेटने बाहेर काढलं. गेटवरच्या माणसाने अडवलं नाही. त्याच्या यादीत बाहेर जाणारे नसावेत.

दोन दिवसांनी आमच्या मुख्याध्यापकांनी केबिनमध्ये बोलावलं. त्या शाळेने आम्हाला कॉम्प्युटर द्यायचं कबूल केलं होतं. आता नाही म्हणत होते. टेबलावर माझ्या नावाने टाइप केलेला माफीनामा होता. फक्त सही करायची.

सर म्हणाले, "बाई, मुलांचं नुकसान कशाला करता? दोन ओळी तर आहेत."

मी वाचला. खाली पेनाने लिहिलं, मजकूर मान्य नाही. त्याखाली सही केली.

कॉम्प्युटर आले नाहीत. माझा वर्ग बदलला. आता मला पाचवी दिलीय. सर्व्हिस बुकात माझ्याबद्दल काय लिहिलंय ते मी बघितलेलं नाही.

परिषदवाल्यांना मी स्वतः पत्र पाठवलं. सायलीने शेजारी बसून वाचलं, एक स्पेलिंग दुरुस्त केलं. त्यात लिहिलंय, आमच्या वर्गाचं काम मागे घेत आहे. आमचे फोटो, आमचे आवाज काढून टाका. पुन्हा कधी बोलावलंत तर माझी मुलं स्वतः उभी राहतील, त्यांना येईल त्या इंग्रजीत बोलतील. अडलं तर मराठीत बोलतील, आणि ते समजून घेणं हे तुमचं काम असेल.

हे मान्य नसेल तर बोलावू नका. आम्ही येणार नाही.