उपटलेली मोहरी

"वहिनी, कळी दिसली का?" लोक भेटले की नमस्कार करतात, आमचे वरच्या मजल्यावरचे डॉक्टर हे विचारायचे. औषधांचे नव्हेत हो, मोहरीचे डॉक्टर!

दिल्लीत मयूर विहारच्या आमच्या नव्या सोसायटीत तेव्हा कुणाला केबलची घाई, कुणाला मारुतीची. यांना मोहरी लवकर फुलवायची घाई. ती आधी निघाली तर शेतकऱ्याला त्याच रानात वेळेवर गहू पेरता येतो. स्वतः मात्र ऑफिसची बस रोज चुकवायचे, शर्टाची बटणं जिन्यात लावायचे.

रिटायर व्हायला एकच हंगाम उरला होता. संकरातून आलेली थोडी रोपं नजरेसमोर असावीत म्हणून त्यांनी गच्चीवर वाफा केला आणि चार दिवस परगावी जाताना पाणी घालायचं काम माझ्यावर सोपवलं. लवकर फुलण्याचं ते प्रकरण मला तेव्हा कुठे ठाऊक! मला आपलं वाटे, भाजी जून होईल या धास्तीने कळीची चौकशी करतात.

आता माझं शहाणपण ऐका. ते परतायच्या दिवशी सकाळी एक रोप फुललेलं दिसलं. वीस हिवाळे सरसों का साग, म्हणजे मोहरीच्या पाल्याची भाजी, रांधलेली बाई मी! फुललेली मोहरी कडू. उपटली आणि दिली टाकून.

दुपारी डॉक्टर आले. "एक फुलून कडू झालं होतं, मी काढून टाकलं," मी तोऱ्यात सांगितलं.

त्यांनी हातातली बॅग तिथेच टाकली. "वहिनी, सात वर्षं मी त्याच एकाची वाट बघत होतो."

मग तो बस चुकवणारा माणूस तीन जिने धावत उतरला, कचऱ्यातून रोप शोधून आणलं आणि कुंडीत रोवलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते उलट मलाच म्हणाले, "अच्छा, आता चहा तरी कडू करू नका."

रोप कसंबसं जगलं. दाणे मिळाले नऊ.

"फुलायची वेळ जनुकांत असते, वहिनी. नऊच्या नऊ लवकर फुलली तर गुण पक्का. नाहीतर नुसता योगायोग."

पुढच्या वर्षी त्यांच्या जागी आलेल्या बाईंनी ते दाणे त्यांच्या संशोधन संस्थेच्या शेतात पेरले. पंधरवड्यातच डॉक्टर गेले. झोपेतच.

महिन्याभराने बाईंचा फोन आला. मी गेले. सगळं शेत हिरवं, आणि मधोमध नऊ रोपं पिवळीधमक. मी एकेका रोपाला हात लावून मोजलं, आणि त्या परक्या शेतात मोठ्याने रडले.