सूर्यघड्याळाला टेकू

सासूबाई गेल्यानंतर काही महिन्यांनी सासरे आमच्याकडे सिंगापूरला, बुकित बातोकच्या घरी आले. नवरा बोटीवर, त्यामुळे त्यांची सगळी व्यवस्था माझ्याकडे. मी फ्रिजवर वेळापत्रक लावलं: सातला नाश्ता, साडेबाराला जेवण, साडेसहाला रात्रीचं जेवण. ते निमूटपणे जेवत. मनगटावरचं घड्याळ मात्र भारताच्याच वेळेवर, इथल्यापेक्षा अडीच तास मागे.

त्यांच्या इथं राहायच्या पासची मुदत संपत आली होती. ती वाढवायची की पुण्याला एकटं परत जायचं, हे त्यांनी रविवारी सांगायचं ठरलं. मला ते राहायला हवे होते. पण मी त्यांना तसं कधी बोलले नव्हते.

जूनची सुट्टी होती. रविवारी सकाळी त्यांना आणि मुलीला घेऊन मी एका जुन्या मळेवाल्याच्या बंगल्यावर गेले. तिथली बाग आता सगळ्यांसाठी खुली आहे. हिरवळीवर एक दगडी सूर्यघड्याळ आहे, पहिल्या मालकानं इंग्लंडहून आणवलेलं. खांबावर गुलाब कोरलेले, पाकळ्यांत शेवाळ. वर तबकडी आणि तिरकी पितळी पट्टी. अकरा वाजले होते, पण पट्टीची सावली साडेसातच्या आसपास.

"आजोबा, स्पॉइल्ट लाह!" मुलगी म्हणाली.

"बिघडलं नाही गं." सासऱ्यांनी आयुष्यभर जहाजावर सूर्य मोजलेला. "ही पट्टी तिकडच्या सूर्यासाठी कापलीय. तिथं अशी उभट लागते. इथं, विषुववृत्ताशी, जवळजवळ आडवी हवी." त्यांनी तळहात आडवा धरून दाखवला.

"मग नवीन पट्टी बसवायची?" मी विचारलं.

"छे! आहे तीच ठेवायची. खाली टेकू देऊन अख्खी तबकडी कलती करायची. आकडेसुद्धा तेच चालतात. पण फार कलवावी लागेल, सूनबाई. म्हातारं उलटंच पडेल!" ते हसले. बऱ्याच दिवसांनी.

बाकावर बसल्यावर मी विचारलं, "बाबा, घरी तुमचा दुपारचा चहा किती वाजता असायचा?"

"चारला."

"कुठल्या चारला?"

"पुण्यातल्या. ही गेल्यापासून बहीण तिच्या घरी कप घेऊन बसते, मी माझ्या. मधे फोन." त्यांनी मनगटावरचं घड्याळ माझ्याकडे वळवलं. "इथं तेव्हा तू पानं वाढलेली असतात."

म्हणजे इथले साडेसहा. घरी गेल्या गेल्या मी फ्रिजवरचा कागद काढला आणि रात्रीचं जेवण आठवर ढकललं.

त्या संध्याकाळी साडेसहाला आलं किसून चहा ठेवला. फोन स्पीकरवर होता.

"काय रे दादा, आज जेवायला नाही बसवलं सुनेनं?" त्यांची बहीण ओरडली.

"तिनं टेकू दिलाय."

"कशाला?"

"तबकडीला. तुला नाही कळायचं. चहा पी तू."

मग फोनवर हात ठेवून ते मला म्हणाले, "तो पासचा अर्ज काढून ठेव. एवढा कप संपला की सही करतो."

मी बशीत आणखी दोन बिस्किटं ठेवली. सहीची काही घाई नव्हती.