खैरानचा गवती चहा

घराच्या मागे, धुण्याच्या दगडापाशी माझ्या पत्नीने गवती चहाचं बेट लावलं आहे. सकाळी ती त्याची पाती कापते, वास खिडकीतून आत येतो आणि ती घटना माझ्यासमोर उभी राहते. पोलीस खात्यात मी खून पाहिले, दरोडे पाहिले. ते आठवायला डोक्याला ताण द्यावा लागतो. ही घटना न बोलावता येते, आणि दर वेळी मान थोडी खाली घालायला लावते.

कुवेत इराकच्या तावडीतून नुकतं सुटलं होतं. १९९१ चा वसंत. मी राज्य पोलिसातला तरुण उपनिरीक्षक, प्रतिनियुक्तीवर आपल्या तिथल्या वकिलातीत होतो. बेपत्ता भारतीयांचा शोध घ्यायचा, मृतांची ओळख पटवायची, वारसांचे दावे तपासायचे, असं काम. सकाळी दार उघडायच्या आधीच बाहेर माणसं उभी असत. जो तो कुणाचा तरी वारस होता. मी वारस नाही असं सांगायला आलेला माणूस मी पाहिलेला नव्हता.

तेलविहिरी अजून जळत होत्या. वारा शहराकडे फिरला की भर दुपारी तिन्हीसांजा व्हायच्या. गाड्या दिवे लावून चालायच्या. पांढरी मांजरं करडी झाली होती. सूर्य दिसलाच तर काळवंडलेल्या ताम्हणासारखा. त्या दिवसांतली कुठलीही गोष्ट आठवली की ती आपण जागेपणी केली की झोपेत, असा प्रश्न पडतो.

अशाच एका दुपारी हवल्लीच्या पोलीस ठाण्यातून निरोप आला. तिथल्या तपास अधिकाऱ्याला मुहक्किक म्हणतात. हे मुहक्किक इंग्लंडात शिकलेले, वयाने माझ्याहून बरेच मोठे. त्यांचा धाकटा भाऊ इराकी लोकांनी नेला होता, तो परत आलेला नव्हता. दक्षिणेकडची ठाणी अजून उघडली नव्हती, म्हणून तिकडची प्रकरणंही त्यांच्याकडे येत.

"खैरानला एका बंगल्यामागे कबर सापडली आहे," ते म्हणाले. "सुरुंग काढणाऱ्या सैनिकांनी खबर दिली. बंगल्याचा राखणदार तुमच्या देशाचा आहे. तो आमच्याशी बोलत नाही. तुम्ही चला."

खैरान म्हणजे समुद्रकाठची सुट्टी घालवायची जागा. श्रीमंत कुवेती घराण्यांचे तिथे रांगेने बंगले. आम्ही पोचलो तेव्हा किनाऱ्यावर काटेरी तारा होत्या आणि त्यांच्यापलीकडे समुद्र इतका शांत होता की त्याला आवाजच नव्हता. सगळीकडे एकच रंग, राखेचा. आणि बंगल्यामागे, त्या राखेत, एक हिरवा तुकडा. माणसाच्या लांबीचा. कडेने शिंपले लावलेले. मधे दाट, टवटवीत गवत.

मी खाली बसलो, एक पातं तोडलं, बोटात चुरलं. गवती चहा! कोकणात प्रत्येक परसात असतो तो. पिण्याचं पाणी डब्यातून आणावं लागत होतं अशा दिवसांत कुणीतरी हे बेट रोज शिंपत होतं. मी आणखी काही पाती तोडून खिशात टाकली. का टाकली, हे तेव्हा माझं मलाही नीट ठाऊक नव्हतं.

कबर उकरली. आत एक बाई होती. तिच्या हाताशी फडक्यात गुंडाळलेले दम्याचे दोन रिकामे पंप होते. पंचनामा झाला. राखणदाराच्या खोलीची झडती घेतली तेव्हा त्याच्या उशीच्या कापसात सोन्याची साखळी मिळाली. त्याच बंगल्यात स्वयंपाकाला असलेली एक थाई बाई बेपत्ता होती. तिच्या देशाच्या वकिलातीतल्या यादीत ती 'कुमारी' म्हणून नोंदलेली होती. तिची आई आणि बहीण गावाकडून चौकशी करत होत्या. साखळी तिचीच, हे बंगल्याच्या मालकाने ओळखलं.

मृतदेह जाब्रियाच्या रुग्णालयात नेला. तिथल्या डॉक्टर नागपूरच्या होत्या. तपासून बाहेर आल्या आणि हातमोजे काढत म्हणाल्या, "हाड मोडलेलं नाही, गळ्यावर काही नाही. यापुढे मी शपथेवर काही सांगू शकत नाही, भाऊ. नाका-तोंडावर उशी दाबली असेल तर ती मला आता दिसणार नाही."

म्हणजे सगळं राखणदाराच्या जबाबावर आलं. नीट खुलासा झाला नाही तर चोरीसाठी खून, आणि त्याची शिक्षा फाशी.

तो रायगडच्या किनाऱ्यावरचा कोकणी मुसलमान होता. पन्नाशीचा, विधुर, अंगाने काटकुळा. चौकशीत तो एकच सांगायचा.

"बाई कोण?"

"मना म्हायती नाय, साहेब."

"एका छपराखाली राहून?"

"मेलेली गावली. पुरली."

"आणि साखळी?"

यावर काही नाही. मी धाक दाखवला, गावचा म्हणून गोंजारलं, त्याच्या बंदरातल्या मासळीचं बोललो. तो ऐकायचा आणि छताकडे बघायचा. माझा अनुभव असा की खोटं बोलणारा माणूस भरपूर बोलतो. त्याला गोष्ट सजवावी लागते. हा काहीच सजवत नव्हता. आपल्याला सोडतील की नाही, हेही त्याने कधी विचारलं नाही.

मुहक्किक वैतागले. ठाण्याच्या खिडक्यांना काचांऐवजी पुठ्ठे लावलेले, टेबलाला तीन पाय, चौथ्याच्या जागी विटा. त्या टेबलावर पेला आपटून ते म्हणाले, "तुमच्या माणसाने आल्यापासून चहाला हात लावलेला नाही. चहाशिवाय खरं बोलणारा भारतीय मी अजून पाहिलेला नाही."

ते थट्टेने बोलले. माझा हात मात्र खिशाकडे गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठाण्यातल्या स्टोव्हवर स्वतः चहा उकळला. आपल्याकडे करतात तसा, दूध घालून. आणि त्यात ती पाती टाकली. कप त्याच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, "घ्या, चाचा. घरच्यासारखा केलाय."

त्याने कप उचलला. ओठांपर्यंत नेला. वास नाकात गेला आणि त्याचा हात तिथेच थांबला. त्याने माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. तिच्यात राग नव्हता. आपल्यातलाच माणूस असं करू शकतो, याचं नुसतं नवल होतं.

"हा कुठशी तोरलात, साहेब?"

माझी नजर खिशाकडे गेली.

"तिच्या अंगावरचा तोरलात?" त्याने कप दोन्ही हातांनी हळूच खाली ठेवला, सांडू नये म्हणून. "अवो, बायको व्हती ती माझी."

मग तो बोलत राहिला. निकाह इथेच झाला होता, कोर्टाच्या काझीपुढे. ज्या कचेरीत त्याची नोंद होती ती युद्धात जळाली. साक्षीदार देशोधडीला लागले. मालकाला त्यांनी सांगितलं नव्हतं, नोकरी जाईल म्हणून. आणि तिच्या गावी सांगितलं नव्हतं ते जमिनीपायी. तिच्या मुलखात तेव्हा असं होतं की परदेशी नवरा केलेल्या बाईला जमीन विकत घेता येत नसे. तिला तर आईसाठी जमीन घ्यायची होती. म्हणून कागदावर ती कुमारीच राहिली. लग्नानंतर एकदा सुट्टीवर गेली आणि कुमारी म्हणून जमीन घेऊन आली.

"कशी आहे जमीन?" मी विचारलं. तपासाशी त्याचा संबंध नव्हता. विचारलं गेलं.

"ब्येस हाय," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा बदलला. "मधी तळा हाय, कमलांचा. काठाला आंबे. ते लोक कच्चे खातात, मीठ-मिरची लावून. मी तिला बोलायचो, अगो, हापूस खाशील तर नाव नाय घेशील या आंब्यांचा. ती बोलायची, तुझ्या हापूसला पोरी मिळाल्या नाय म्हनून हिकडे आलास ना? घर खांबांवर हाय. खाली हातमाग. पावसात तळा भरला की मासे पायरीपरयंत येतात."

"तुम्ही कधी गेला होतात?"

"नाय, साहेब. एकदाव नाय. पन डोले मिटले की मी थयच असतो."

पुठ्ठ्यांच्या फटीतून तांबूस उजेड येत होता. मुहक्किक इंग्रजीची वाट पाहत माझ्याकडे बघत होते. तो पुढे वाकला.

"विहिरी पेटल्या तवा तिचा दम सुटेना. पंप संपले. मी चालत निघालो दवा आनायला, सैनिकांनी परत हाकलला. माझ्या मांडीवर गेली ती. तो गवती चा तिनंच लावलेला, कुंडीत. मी थय नेऊन लावला. साखळी तिच्या आईची हाय, पोचवायची हाय. साहेब, एक आयका. मी नवरा ठरलो तर वारस ठरेन. परक्या वारसाच्या नावावर जमीन ऱ्हात नाय, इकावी लागते, असा ती बोलायची. वर तिनं लगीन लपवून घेतली हा पन निघेल. म्हातारी आन् भयन उघड्यावर येतील. तुमी गाववाले हाव. हा इंग्रजीत बोलू नका. मना वारस करू नका."

खोलीत आमची भाषा फक्त मलाच कळत होती. मी उठून मुहक्किकांना म्हटलं, "ती त्याची बायको होती," आणि सगळं सांगितलं, त्या पात्यांपासून जमिनीपर्यंत. त्याला फाशीपासून वाचवायचं होतं, हे खरं. पण माझी युक्ती लागू पडली याचा ताठाही माझ्या आवाजात होता. तो मला आजही ऐकू येतो.

जमिनीचा भाग आला तेव्हा मुहक्किकांनी पेन खाली ठेवलं. "हे माझ्या हद्दीत नाही," ते म्हणाले. नवरा-बायको, दम्याने मृत्यू, युद्धामुळे दफन, एवढंच त्यांनी लिहिलं. पंप हाताशी सापडले होतेच. त्यांनी त्याला सोडलं, साखळी परत दिली आणि स्वतः उठून त्याला दारापर्यंत पोचवलं. मग मला म्हणाले, "तुमचा चहा मला कधी देऊ नका."

बाहेर पायरीवर तो मला म्हणाला, "मना सोरवलात, साहेब. आन् तिला धरून दिलात."

तो अहवाल रिवाजाप्रमाणे तिच्या देशाच्या वकिलातीत गेला. त्यात जमीन नव्हती, पण 'नवरा' होता; जमिनीची नोंद तिच्या गावी होतीच. आठवड्याभरात त्याला बोलावणं आलं. दुभाषा म्हणून मी गेलो. मीच मागून घेतलं ते काम.

तिथल्या अधिकारी बाई वयस्कर, चष्मा नाकावर उतरलेला. त्यांनी सगळं सावकाश समजावलं. परदेशी नवराही बायकोचा वारस असतो. आई आहे, म्हणून निम्मा वाटा त्याचा. पण खास परवानगीशिवाय जमीन त्याच्या नावावर राहत नाही, वर्षभरात विकावी लागते. मात्र त्याला नको असेल तर तो वाटा सोडू शकतो. मग सगळं आई-बहिणीकडे जाईल.

मी त्याला सांगितलं. तो खुर्चीतून उठलाच. "नको बोलला तर चालता? मग नको! कुठे अंगठा देऊ?"

"पण नको म्हणायलाही आधी नवरा म्हणून सही करावी लागेल, चाचा."

तो परत बसला.

बाईंनी कागद पुढे ओढला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "जमीन लग्नाआधी घेतली की नंतर?"

सगळं या एका उत्तरावर होतं. लग्नानंतर म्हणजे खोटं सांगून घेतलेली जमीन, ती राहणार नव्हती. मी प्रश्न मराठीत सांगितला. मनात म्हणत होतो, बाबा, 'आधी' म्हण. निकाहाची तारीख दाखवणारा कागद कुणाकडेच उरलेला नाही.

त्याने खाली बघितलं. "नंतर, साहेब. ती कुमारी ऱ्हायली ता पोटासाठी. आता ती अल्लाच्या घरात हाय. तिच्या नावावर मी खोटा बोलायचा नाय. जा व्हायचा ता व्हवदे."

मी बाईंकडे वळलो आणि इंग्रजीत म्हणालो, "आधी."

त्यांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ते एवढं बोलले. तुमचं उत्तर एका शब्दाचं?"

"आमची भाषा जरा लांबण लावते," मी म्हणालो.

"आणि तुम्ही पोलिसात आहात."

"होय."

त्यांनी चष्मा वर सरकवला. मग त्यांनी लिहिलं. जो माणूस सगळं नको म्हणतो आहे, त्याच्याकडे त्यांनी पुरावा मागितला नाही. त्याने सही केली, अडखळत, एकेक अक्षर जोडत. नवरा म्हणून तिच्या नावाशेजारी त्याच्या हातची सही उरली ती याच एका कागदावर, आणि त्याच कागदाने तो तिच्या सगळ्यावरचा हक्क सोडत होता. साखळीही त्याने बाईंच्या हातात दिली.

बाहेर आलो. वारा फिरला होता आणि कित्येक दिवसांनी आकाशाचा एक निळा तुकडा दिसत होता. त्याने मला विचारलं, "काय बोलल्या बाई?"

"जमीन राहील. आई आणि बहीण तिथेच राहतील."

"खरा सांगून पन?"

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "हो, चाचा. खरं सांगून पण."

तो हसला. त्या सगळ्या काळात तेवढं एकदाच. म्हणाला, "बगा. उगाच भ्यालो." आणि दिवे न लावता चाललेल्या गाड्यांच्या मधून रस्ता ओलांडून गेला. मी त्याला पुन्हा पाहिलं नाही.

नोकरीत मी शपथेला जागलो असं लोक म्हणतात. त्या एका शब्दाचा अपवाद मी आज इथे लिहून ठेवतो. नवख्या अधिकाऱ्याने तो गिरवावा असं मी म्हणणार नाही. पण ओझं मोजायला बसलो की मला वेगळंच कळतं. जे खोटं बोललो त्याने माझी झोप कधी मोडली नाही. जे खरं काढलं, त्यासाठी मी कुठून पाती तोडली होती, ते मला विसरता येत नाही. माणसाला बोलतं करणं आम्हाला शिकवलं जातं, आणि मी त्यात तरबेज होतो. काही माणसं कुणाचं तरी छप्पर धरून गप्प उभी असतात, हे मला त्या कपापाशी समजलं, आणि तेव्हा कप पुढे सरकवून झाला होता.

पत्नी रोज विचारते, "तुमच्या चहात पात घालू का हो?" मी म्हणतो, नको. तिला वाटतं, मला वास आवडत नाही.