जावई पालथे पडले

दोन हजार नऊच्या श्रावणात आमच्या घरातली दोन माणसं एकाच आठवड्यात स्वाइन फ्लूने आडवी झाली आणि दोन वेगवेगळ्या राज्यांतल्या दवाखान्यांत दाखल झाली. एक माझे धाकटे दीर, ते नांदेडला सरकारी दवाखान्यात. दुसरे माझ्या नणंदेचे यजमान, म्हणजे घरचे जावई. नणंद देगलूरच्या पुढे आंध्रात दिलेली, त्यामुळे तिच्या सासरच्यांनी त्यांना जवळचं म्हणून हैदराबादला एका खासगी दवाखान्यात नेलं. दोघं मेहुणे मिळून पुण्याला एक जुना टेम्पो बघायला गेले होते. टेम्पो जमला नाही, ताप जमला.

आमचं गाव जवळा बाजारच्या अलीकडे. घरी कोरडवाहू शेती, शेळ्या-मेंढ्या, सासू-सासरे, आम्ही आणि एक मोबाइल. या मोबाइलला रेंज फक्त गोठ्यामागच्या उकिरड्यावर उभं राहिलं तरच यायची. त्यामुळे त्या पंधरवड्यात आमच्या घरातले सगळे मोठे निर्णय उकिरड्यावर उभं राहून झाले.

मी बचत गटाची सचिव. चार माणसं चार प्रश्न विचारतात आणि पाचवा राहून जातो, हे मला माहीत होतं. म्हणून दोन्हीकडून फोन आला की मी तेच ते प्रश्न विचारायचे: ताप किती, खाल्लं काय, लघवी झाली का, शुद्ध आहे का, ऑक्सिजन किती. नांदेडहून माझे यजमान सांगायचे, हैदराबादहून नणंद सांगायची, मी उकिरड्यावरून उतरून सासू-सासऱ्यांना सांगायचे. दोन दवाखाने, प्रश्न एकच, म्हणजे हिशेब सोपा, असं मला वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी हिशेब बिघडला. नांदेडहून उत्तर आलं, ऑक्सिजन दहा. हैदराबादहून आलं, साठ.

"दहा आन् साठ?" सासरे मटकन बाजेवर बसले. "आपलं पोरगं दहावर, जावई साठवर. पोरीचं कसं व्हावं आता?"

दिरांना मास्क लावलेला होता, पण तो बाजूला सरकवून ते फोनवर बोलू शकत होते. त्यांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, "दाजींना साठ काहून? लग्नात बी मानपान त्यांचाच मोठा, हितं बी त्यांचाच मोठा."

त्यावर कुणी हसायच्या आत नणंदेचा दुसरा फोन आला. ती रडत होती.

"वैनी, ह्यांना उलटं केलंय."

मी स्पीकर लावला होता. सासूबाई खालून ओरडल्या, "उलटं म्हंजे? टांगलं का काय?"

"मला काय माहीत, आई. आत सोडून न्हाई राहिले. नर्स आत्ता म्हणली, पेशंट को रात में उल्टा सुलाये बोलके."

"उलटं न्हाई गं," मी म्हणाले, "पालथं झोपवलं असेल."

यानं कुणाचंच समाधान झालं नाही. आमच्या घरात पालथं झोपणं म्हणजे गुन्हा. कुणी पालथं पडलेलं दिसलं की सासूबाई जाता जाता पाठीत चापटी द्यायच्या, मग तो कितीही मोठा असो. छाती जमिनीला लावून माणसानं निजू नये, असं त्यांचं म्हणणं. आणि इथे तर आदल्या दिवशीच घशात नळी घातलेला, मशीनवर श्वास घेणारा माणूस पालथा घातलेला.

नणंदेचं ठरलं होतं. "भाऊ तिकडं बसून चहा पिऊन राहिला, आन् ह्यांना हितं पालथं पाडलंय. मी ह्यांना नांदेडला आणते. उद्या सांजच्याला अँब्युलन्स येणार हाय."

"आण बाई," सासरे म्हणाले.

"एक दिवस थांब," मी म्हणाले. "मी आणि तुझी आई आत्ताच नांदेडला जातो, तिथं विचारतो, तसंच पुढं तुझ्याकडे येतो. आम्ही आल्यावर अँब्युलन्स न्यायची का नाही ते बोलू." ती हो म्हणाली, पण अँब्युलन्स तिनं रद्द केली नाही. मी पिशव्या भरल्या. एकीत दिरांचा डबा, दुसरीत कपडे, तिसरी सासूबाईंची, तिच्यात काय होतं ते त्यांनी सांगितलं नाही.

नांदेडला स्वाइन फ्लूचा वॉर्ड वेगळ्या इमारतीत होता. नातेवाइकांना फाटकाच्या बाहेरच थांबवायचे. माझे यजमान तिथल्या लिंबाखाली सतरंजी टाकून बसले होते आणि तोवर शेजारच्या चार कुटुंबांचे मुखत्यार झाले होते. डबा वॉर्डबॉय आत न्यायचा. दुपारी एक तरुण डॉक्टर शेडमधल्या टेबलाशी येऊन एकेकाला पेशंटचं सांगायचे. मास्कच्या पट्ट्यांनी त्यांच्या गालांवर वळ उठले होते.

आमचा नंबर आला. दिरांचं ठीक आहे म्हणाले. मग मी विचारलं, "डॉक्टर, ह्यांना दहा आणि हैदराबादला आमच्या जावयांना साठ. एवढा फरक कसा?"

"दहा काय आणि साठ काय?" त्यांनी विचारलं.

मी यजमानांकडे पाहिलं, यजमानांनी माझ्याकडे. दहा काय, हे आमच्यापैकी कुणी विचारलंच नव्हतं.

"आम्ही लिटरमध्ये सांगतो," ते म्हणाले. "मिनिटाला दहा लिटर ऑक्सिजन मास्कमधून जातो. तिकडं व्हेंटिलेटर आहे, ते टक्क्यांत सांगतं. आपल्या साध्या हवेतच एकवीस टक्के ऑक्सिजन असतो. त्यांना साठ टक्के देत असतील. तुमच्या पेशंटचे लिटर टक्क्यांत मांडले तर तेही कदाचित तिथंच कुठंतरी येतील."

"म्हंजे दोगं बराबर हायेत?" सासूबाईंनी विचारलं.

"बराबर नाहीत, मावशी. तुमचा मुलगा स्वतः श्वास घेतो, जावयांचा मशीन घेते. जावई जास्त आजारी आहेत. पण ते त्या आकड्यावरून ठरवू नका."

मी पुढचा प्रश्न काढला. तिकडं पालथं घालतात, इथं बसवून ठेवतात, मग बरोबर कुणाचं?

त्यांनी पेन खाली ठेवला. "पाठीकडचा फुप्फुसाचा भाग दबलेला असतो, पालथं केलं की तो मोकळा होतो. काहींना फायदा होतो. पण नळ्या सांभाळून एक माणूस पालथा करायला पाच जण लागतात. माझ्याकडे या वॉर्डात एका वेळी दोन सिस्टर. व्हेंटिलेटरही मोजके. म्हणून आम्ही मास्क लवकर लावतो, पेशंटला बसवतो, आणि नळी घालायची वेळच येऊ नये यासाठी मागं लागतो." खताची किती पोती आली आणि किती संपली, हे दुकानदार सांगतो तितक्या सरळ आवाजात त्यांनी हे सांगितलं.

"मग त्यांना इथं आणायचं का?"

"आणू नका. रस्त्यात त्यांना उताणं करावं लागेल, आणि तेवढा प्रवास झेपेलच असं नाही. आणि आणलंत, तर पाच माणसं मी कुठून आणू?"

निघताना यजमानांच्या फोनवर दिरांचा आतून फोन आला. "वैनी, डब्यात ठेचा न्हाई. सिस्टर दिसभर 'सरळ बसा, सरळ बसा' करून राहिली. आमच्या शाळेतले पीटीचे सर परवडले."

"बस म्हणती तर बस की," सासूबाई म्हणाल्या. "सरळ बसायला तुला कधीच येत नव्हतं."

दुसऱ्या दिवशी हैदराबादला पोचलो. तिथला दवाखाना म्हणजे काचच काच. पायात निळ्या पिशव्या घालायच्या, हात धुवायचे, तोंडावर मास्क, आणि दुपारी ठरलेल्या वेळी एकेकानं काचेपर्यंत जायचं. घरचा डबा चालत नाही, नळीतून काय द्यायचं ते तेच ठरवतात. विचारायला गेलं की खुर्चीत बसवून हिंदीत नीट समजावणारा एक माणूस वेगळाच नेमलेला. नांदेडला लिंबाखाली सगळ्यांना सगळ्यांचं माहीत होतं. इथे शेजारच्या खुर्चीतल्या माणसाचा पेशंट कोण हेही कळत नव्हतं. नणंद एका कोपऱ्यात अंग चोरून बसली होती.

मी तिला लिटर आणि टक्के समजावले. नांदेडच्या डॉक्टरांचं बोलणंही सांगितलं. ती ऐकत होती, पण तिचा एक डोळा फाटकाकडे होता. अँब्युलन्स यायला फार वेळ नव्हता.

त्या दिवशी काचेशी जायचा पहिला मान तिनं आईला दिला. मी दारातून पाहत होते. आत पाच नर्सा जावयांच्या भोवती उभ्या राहिल्या, एकीनं तेलुगूत एक, दोन, तीन मोजलं, "ओकटि, रेंडु, मूडु", आणि सगळ्यांनी मिळून त्यांचं डोकं या बाजूकडून त्या बाजूला वळवलं. एक हात वर, एक खाली, गाल घडी केलेल्या टॉवेलवर. सासूबाई बराच वेळ तिथून हलल्या नाहीत.

बाहेर येऊन त्या नणंदेसमोर बसल्या. "लेकरावाणी निजलेत," त्या म्हणाल्या. "चार महिन्याचं लेकरू पालथं पडतंय ना, तसं. एक हात वर, एक खाली."

"आई, काहून असं बोलून राहिली तू?"

"तू पालथी पडली तवा म्या गल्लीभर गूळ-खोबरं वाटलं व्हतं. आपल्यात रीतच हाय." आणि त्यांनी आपली तिसरी पिशवी उघडली. तिच्यात गुळाची ढेप होती, जवळा बाजारच्या बाजारातली, कागदात बांधलेली. काळजीच्या प्रवासाला कुणी पाणी घेतं, कुणी औषध. त्यांनी गूळ घेतला होता. खोबरं नव्हतं. त्यांनी ढेपेचे खडे पाडले आणि पहिला खडा वॉचमनच्या हातावर ठेवला.

"क्या खुशी है, अम्मा?" त्यानं विचारलं.

"जावई पालथे पडले," सासूबाईंनी सांगितलं. त्याला एक अक्षर कळलं नाही, तरी त्यानं मास्क खाली ओढून गूळ खाल्ला. नणंदेला हसू फुटलं. हसता हसता ती रडली, आणि मग तिनंही एक खडा घेतला.

मी तेवढ्यात तिला त्या समजावणाऱ्या माणसाकडे नेलं आणि तिलाच विचारायला लावलं: पालथं करायच्या आधी आकडा किती होता?

त्यानं कागद पाहिला. "नब्बे. उल्टा सुलाने के बाद साठ पे आया."

नव्वदावरून साठ. ज्या साठनं आमचे सासरे बाजेवर बसले होते, ती चांगली बातमी होती. आम्ही ती दोन दिवस सुतकासारखी पाळली होती.

नणंदेनं स्वतः फोन लावून अँब्युलन्स रद्द केली. नंतर सासरच्यांना सांगितलं, "न्हाई हलवायचं. ह्यांना उलटं केल्यानंच फरक पडून राहिलाय."

पुढचे दिवस आकडा उतरत गेला. सासरे गावी रोज उकिरड्यावर चढून माझ्या फोनची वाट बघायचे आणि कापसाचा भाव विचारावा तसं विचारायचे, "आज किती?" मी सांगायचे, पन्नास. पंचेचाळीस. "भाव पडल्यावर आनंद व्हायची ही पहिलीच बारी," ते म्हणाले. चाळिसावर आल्यावर जावयांना उताणं केलं, आणि काही दिवसांनी नळी काढली. घसा बसलेला असल्यानं त्यांचं पहिलं वाक्य कुणालाच ऐकू आलं नाही. ते तीनदा म्हणाल्यावर कळलं की ते टेम्पोचं विचारत होते.

दीर त्याआधीच घरी आले होते. दिवाळीला जावई आले, निम्मे होऊन, पण स्वतःच्या पायांनी. ओसरीवर दोघा मेहुण्यांचं भांडण जुंपलं की कुणाचा दवाखाना भारी.

"दाजी, तुमाला उचलायला पाच पाच जणी. आमाला एकच सिस्टर, ती बी ओरडणारी."

"पण तुमी बसून चहा पेले. मला आठवतं ते एवढंच, ओकटि, रेंडु, मूडु."

"चहात साखर नव्हती, दाजी."

जेवणं झाली. मी ताटं आवरून ओसरीवर आले तर दोघंही सतरंजीवर झोपलेले, शेजारी शेजारी, आणि दोघंही पालथे. जावयांना ती सवयच लागली होती, एक हात वर, एक खाली. सासूबाई पाण्याचा तांब्या घेऊन येत होत्या. त्या थांबल्या. तांब्या खाली ठेवून त्यांनी जावयांच्या पाठीवर हलकेच चादर ओढली, कोपरे नीट केले.

मग वळल्या आणि दिरांच्या पाठीत एक सणसणीत चापटी दिली.

"तुला दहा लिटरच व्हतं. उताणा नीज."