धनु राशीतला ढग

मुलाकडचे मला बघायला येणार होते त्या रविवारी आईने एकच ताकीद दिली. "काय शिकतेस असं विचारलं तर खगोलशास्त्र म्हण आणि गप्प बस. ढगांचं काढू नकोस."

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी पुण्याला पीएच.डी. करत होते आणि सुटीला नाशिकला आले होते. ताऱ्यांच्या मधल्या पोकळीत वायूचे प्रचंड, थंडगार ढग असतात. त्यातल्या रेणूंकडून येणाऱ्या रेडिओलहरी पकडायच्या आणि तिथे काय काय आहे ते ओळखायचं, हे माझं काम. वडील गोदाकाठी यात्रेकरूंचे विधी सांगत. यजमानांना ते "मुलगी हवामानातलं काहीतरी करते" एवढं सांगून मोकळे होत.

मुलगा सातपूरला एका कारखान्यात इंजिनिअर होता. रास धनु, पत्रिका छान जुळलेली. सोबत त्याची आई आणि कळवणचे मामा. पोहे संपले. मुलगा बशीकडे बघत होता, त्याची आई माझ्याकडे आणि मामा पंख्याकडे. शेवटी मामांनीच विचारलं, "आकाशात तुम्ही बघता तरी काय?"

"बघत नाही, ऐकते," मी म्हणाले. आईने डोळे मिटून घेतले.

मामा सरसावून बसले, मग मलाही राहवेना. रेणू स्वतःभोवती फिरत असतो, त्याचा वेग एक पायरी उतरला की रेडिओलहर बाहेर पडते, आणि रेडिओवरच्या स्टेशनासारखी प्रत्येक रेणूची जागा ठरलेली असते, असं मी सांगत सुटले.

"मग काय काय सापडलं?"

"पाणी, अमोनिया, मुंगी चावल्यावर आग होते ते आम्ल. आणि अल्कोहोल."

"म्हणजे दारू?"

"तीच."

"ढगात?" मामांचा चेहरा उजळला. "भरपूर आहे?"

"पिंपं पुरणार नाहीत."

"कुठल्या बाजूला म्हणायची?"

"सगळ्यात जास्त धनु राशीत."

वडिलांनी उपरण्याने कपाळ पुसलं. मुलाच्या आईने बशी खाली ठेवली. "धनु आमच्या याची रास. तुम्हाला म्हणायचंय काय?"

रास म्हणजे नुसती दिशा, असं मी घाईघाईने सांगू लागले, पण तेवढ्यात मुलानेच तोंड उघडलं. "आई, फक्त बिअर. आणि तीही कारखान्यातल्या पार्ट्यांनाच."

त्याची आई तडक उठली. मुलगा मागोमाग गेला. मामा चपला घालताना माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले, "माझी रास कुंभ. तिकडे काही सापडलं तर कोणाला सांगू नका."

संध्याकाळभर आई स्वयंपाकघरात भांडी आपटत होती. वडील देवघरात जपाला बसले होते, पण त्यांचे खांदे हसण्याने हलत होते.

आठवडाभराने मुलगा एकटाच स्कूटरवर आला. मी पितो हे तुम्हाला कळलं कसं, असं त्याला विचारायचं होतं. मी त्याला सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. त्याने नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, "पण ढग एवढा थंड, तर रेणूला फिरवतं कोण?"

हा प्रश्न आमच्या घरात आजवर कोणी विचारला नव्हता. मी चहा टाकला. हायड्रोजनचे रेणू त्याला धक्के देत असतात, हे सांगता सांगता तो चहा उतू गेला.

पुढे त्याच्या आईने त्याला वणीला नेऊन देवीसमोर शपथ घ्यायला लावली आणि मगच होकार कळवला. लग्नानंतर काही महिन्यांनी त्याने मला सांगितलं की शपथेत नाव फक्त बिअरचं होतं, वाइनबद्दल देवीला तो काहीच बोललेला नाही.